लघुव्यवसायातील बीजकनोंद आणि येणे-वसुली

बीजकनोंद आणि येणे-वसुली म्हणजे व्यावसायिकाने दिलेल्या मालाची अथवा केलेल्या कामाची बीजके (व्यवहारातील शब्द बिल) क्रमवार नोंदवणे, प्रत्येक बीजकापोटी किती रक्कम आली, किती राहिली आणि ती केव्हापासून राहिली आहे याचा हिशेब ठेवणे व त्या आधारे वसुली करणे होय. मोठ्या कंपनीत या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो. लहान व्यवसायात ते मालक स्वतः करतो, घरातील कोणी करते किंवा आठवड्यातून एकदोनदा येणारा हिशेबनीस करतो.

विक्री आणि वसुली यांच्यात पडणारे अंतर हा या विषयाचा गाभा आहे. नफा विक्रीच्या दिवशीच वहीत दिसू लागतो. मजुरी, भाडे, वीजबिल आणि कर मात्र रोख पैशातूनच भागवावे लागतात. त्यामुळे कागदोपत्री नफ्यात असलेला व्यवसायही येणी अडकल्यामुळे बंद पडू शकतो. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत शेती, कारखानदारी, महामार्गावरील व्यापार आणि मुंबईहून येणारा पैसा एकाच बाजारपेठेत मिसळतात. त्यामुळे या विषयाचे जवळजवळ सर्व प्रश्न तेथे एकत्र पाहावयास मिळतात.

परिभाषा आणि परंपरा

मराठी हिशेबपद्धतीत दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने ज्या वहीत लिहितात तिला रोजकीर्द म्हणतात. कीर्दीतील नोंदी नंतर ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवल्या जातात. त्या वहीला खतावणी म्हणतात. ज्याच्याकडून पैसे यावयाचे त्याच्या खात्यावर रक्कम नावे टाकली जाते आणि पैसे आले की जमा केली जाते. दोहोंतील फरक म्हणजे बाकी. पैसे घेणे असलेला तो धनको व देणे असलेला तो ऋणको. जमा, बाकी, वसूल हे अरबी शब्द फारसीच्या वाटेने राज्यकारभारातून मराठीत आले आणि बाजारात रुळले. महाड तालुक्यातील रायगड ही शिवकाळात राजधानी होती व अष्टप्रधानांपैकी अमात्य अर्थात मुजुमदार याच्याकडे राज्याच्या जमाखर्चाची जबाबदारी होती. पेशवाईतील फडणीस हेही मूलतः हिशेबाशी निगडित पद होय.

सावित्री नदी आणि बाणकोटची खाडी यांमुळे महाड हे पूर्वी घाटमाथा व समुद्रकिनारा यांच्यामधील व्यापाराचे ठाणे होते. अशा व्यापारात माल एका ठिकाणी, खरेदीदार दुसऱ्या ठिकाणी आणि पैसा तिसऱ्या ठिकाणी असे, म्हणून लेखी नोंदीवाचून गत्यंतर नव्हते. व्यापाऱ्यांच्या लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या दीर्घकाळ मोडी लिपीत लिहिल्या जात. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या वेळी वहीपूजन करण्याची आणि पाडव्याला नवी वही सुरू करण्याची प्रथा अजूनही आहे. करासाठीचे आर्थिक वर्ष मात्र १ एप्रिलला सुरू होते. ज्या दुकानात दोन्ही वर्षे पाळली जातात, तेथे दिवाळीतली वही केवळ पूजेपुरती आहे की तिच्यात खरोखर बाक्या ओढल्या जातात, हे पाहण्यासारखे असते. जुनी बाकी नव्या वहीत ओढताना त्या ग्राहकाला आकडा कळवून त्याची संमती घेण्याचा जुना रिवाज होता. पुढे येणाऱ्या मुदतीच्या कायद्याचा विचार करता तो रिवाज शहाणपणाचा होता असेच म्हणावे लागते.

उधारीचे स्थानिक चक्र

महाड-पोलादपूर परिसरात उधारी ऋतुमानाप्रमाणे वाढते आणि कमी होते. पाऊस प्रचंड असल्यामुळे जून ते सप्टेंबर बांधकामे जवळपास थांबतात. सिमेंट, लोखंड, जांभा दगड व विटा यांचे व्यापारी, तसेच गवंडी, सुतार, वायरमन यांची येणी उन्हाळ्यात फुगतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर अडकून राहतात. वरंध घाट आणि पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट पावसाळ्यात अधूनमधून बंद पडतात. त्यामुळे बीजक एका तारखेचे आणि माल पोहोचला दुसऱ्याच तारखेला, असेही घडते. भातशेती करणाऱ्या कुटुंबाकडून बी-बियाणे व खताची उधारी पीक हाती आल्यावर फिटते.

दुसरा प्रवाह चाकरमान्यांचा. या दोन तालुक्यांतील असंख्य कुटुंबांतील कर्ती माणसे मुंबई, ठाणे या भागांत नोकरी करतात. गावी राहणारे आईवडील दुकानातून किराणा नेतात, घराचे छप्पर दुरुस्त करून घेतात आणि पैसे मुलगा मुंबईहून धाडतो किंवा गणपतीला अथवा शिमग्याला गावी आला म्हणजे देतो. पूर्वी हा पैसा पोस्टाच्या मनीऑर्डरने येई. आता तो यूपीआयने क्षणात येतो. यातून हिशेबाचा एक खास प्रश्न उद्भवतो. माल नेणारी व्यक्ती एक, पैसे देणारी दुसरी. मग खाते कोणाच्या नावे? अनुभवी दुकानदार खाते घराच्या नावाने उघडतो, पण पानाच्या माथ्यावर जबाबदार व्यक्तीचे नाव व दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवतो आणि माल नेणाऱ्याची सही घेतो. नुसते ‘वरच्या आळीतले तात्या’ असे लिहिलेले खाते लिहिणाऱ्यापुरतेच उपयोगी असते. दुकान पुढच्या पिढीकडे गेले म्हणजे त्या तात्यांचा शोध कोणी घ्यायचा?

तिसरा प्रवाह महाड औद्योगिक वसाहतीचा. बिरवाडी परिसरातील रासायनिक कारखान्यांना गाड्या, मजूर, जेवण, दुरुस्तीकाम आणि सुटे भाग पुरवणारे अनेक छोटे व्यावसायिक आहेत. या व्यवहारात दर ठरलेला असतो आणि पैसे बुडण्याची भीती कमी असते, पण बीजक मंजूर होऊन रक्कम खात्यात येईपर्यंत आठवडे किंवा महिने जातात. किराणा दुकानदाराची उधारी शंभर घरांत विखुरलेली असते. कारखान्याच्या कंत्राटदाराची दोनतीन ठिकाणी साठलेली असते. पहिल्याला प्रत्येक लहान रकमेची आठवण ठेवावी लागते. दुसऱ्याला एका कंपनीचे पैसे लांबले तरी त्या महिन्याची मजुरी देणे कठीण होते.

बीजक

बीजक हा येण्याचा पहिला पुरावा होय. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाल्यावर नोंदणीकृत व्यावसायिकाच्या बीजकात काय असावे हे नियमांनी ठरवले आहे. पुरवठादाराचे व नोंदणीकृत खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक, तारीख, मालाचे वा सेवेचे वर्णन, परिमाण, किंमत, कराचा दर व रक्कम या बाबी त्यात येतात. बीजक क्रमांक सलग, त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा आणि १६ अक्षर-अंकांपेक्षा मोठा नसलेला असावा लागतो. मालाच्या बीजकाच्या तीन प्रती करतात: मूळ प्रत खरेदीदाराला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी स्वतःजवळ. सेवेसाठी दोन प्रती पुरतात. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याची २० लाख रुपयांपर्यंत असेल, तर सामान्यतः नोंदणी बंधनकारक नसते. अशा दुकानदाराला कर आकारता येत नाही, परंतु साधे क्रमांकित बिल देण्यास त्याला कोणतीच अडचण नाही.

सलग क्रमांकाचे महत्त्व कराच्या पलीकडचे आहे. ४१ नंतर ४३ आले तर ४२ कोठे गेले हा प्रश्न आपोआप पुढे येतो. बिल रद्द झाले असेल तर ते फाडून न टाकता त्यावर ‘रद्द’ असे लिहून पुस्तकातच ठेवावे. कायद्याने सांगितलेल्या तपशिलांत पैसे देण्याची मुदत येत नाही, आणि नेमकी हीच ओळ वसुलीसाठी सर्वांत मोलाची असते. ‘बीजकाच्या तारखेपासून ३० दिवसांत देय’ असे लिहिले नसेल तर उशीर कधी सुरू झाला हेच वादात सापडते. पोहोच म्हणून घेतलेली तारीखवार सही किंवा चलनावरील शिक्का बीजकाच्या प्रतीला टाचून ठेवणे हा त्याचाच पुढचा भाग होय.

ग्राहकवार खाते आणि बाकीचे वय

एकूण येणे किती, हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. समजा, दोन दुकानांचे येणे प्रत्येकी ३,००,००० रुपये आहे. पहिल्या दुकानात १,४०,००० रुपये ३० दिवसांच्या आतील, ७०,००० रुपये ३१ ते ६० दिवसांचे, ३०,००० रुपये ६१ ते ९० दिवसांचे व ६०,००० रुपये त्याहून जुने आहेत. दुसऱ्यात २,१०,००० रुपये ९० दिवसांहून जुने आहेत. बेरीज एकच असली तरी दुसऱ्या दुकानाची स्थिती चिंताजनक आहे. बाक्यांची अशी वयानुसार विभागणी महिन्यातून एकदा करण्यासाठी चार रकान्यांचा एक कागद पुरतो.

येणे वसूल होण्यास सरासरी किती दिवस लागतात हे काढण्याचेही सोपे सूत्र आहे: येणे भागिले वर्षभराची उधार विक्री, गुणिले ३६५. वर्षाची उधार विक्री १८,२५,००० रुपये आणि येणे ३,००,००० रुपये असेल तर उत्तर ६० दिवस येते. व्यापारी स्वतः घाऊक विक्रेत्याला ३० दिवसांत पैसे देत असेल, तर मधल्या ३० दिवसांचा भार त्याच्या भांडवलावर किंवा कर्जावर पडतो. परंतु हंगामी व्यवसायात ही सरासरी जपून वापरावी. मे महिन्यात काढलेली आणि गणपतीनंतर काढलेली सरासरी एकमेकींशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो; या मेची मागच्या मेशी तुलना करावी.

आलेली रक्कम जुळवणे

प्रत्येक जमा रक्कम कोणत्या बीजकापोटी आली हे ठरवणे, हा या कामातील सर्वांत किचकट भाग होय. ग्राहक बहुधा गोल आकड्यात पैसे देतो. तीन बिले ८,४००, ५,१५० आणि ९,७०० रुपयांची असतील आणि १०,००० रुपये आले, तर ते कोठे लावायचे? भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५९ ते ६१ मध्ये याचे उत्तर आहे. देणाऱ्याने विशिष्ट देण्यापोटी असे सांगितले असेल किंवा परिस्थितीवरून तसे दिसत असेल, तर रक्कम तिकडेच लावावी लागते. तसे नसेल तर धनको आपल्या इच्छेने, अगदी मुदतबाह्य झालेल्या देण्यालाही, ती लावू शकतो. दोघांनीही काही ठरवले नसेल तर जुन्या देण्यापासून क्रमाने ती वळती होते. या उदाहरणात क्रमाने लावल्यास पहिले बिल फिटते, दुसऱ्याचे १,६०० रुपये वळते होऊन ३,५५० राहतात आणि तिसरे पूर्ण बाकी राहते. पावतीवर बिल क्रमांक लिहिला की हा प्रश्नच निघत नाही.

यूपीआयमुळे पैसे येणे सोपे झाले आणि ओळखणे अवघड. खाते वडिलांच्या नावे, रक्कम सुनेच्या मोबाईलवरून, आणि बँकेच्या विवरणात दिसते ते एक अनोळखी नाव. असे पैसे ‘ओळख न पटलेली जमा’ अशा तात्पुरत्या खात्यात टाकून त्याच आठवड्यात फोन करून योग्य खात्यावर वळवावेत. अंदाजाने कोणाच्या तरी नावे टाकलेली रक्कम दोन खाती बिघडवते. बँकेतून आलेल्या रकमेचा यूटीआर क्रमांक पावतीवर नोंदवला तर पुढचा वाद टळतो.

कारखान्याकडून येणारी रक्कम अनेकदा बीजकापेक्षा कमी असते आणि तरीही बरोबर असते. समजा, एका वैयक्तिक कंत्राटदाराने १,००,००० रुपयांचे दुरुस्तीकाम केले आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लावून १,१८,००० रुपयांचे बीजक दिले. कंपनीने मूळ रकमेवर १ टक्का म्हणजे १,००० रुपये आयकर उगमस्थानी कापला आणि करारानुसार ५,००० रुपये कामाच्या हमीपोटी राखून ठेवले, तर खात्यात १,१२,००० रुपये येतील. हे १,००० रुपये बुडीत नसून कंत्राटदाराच्या नावे सरकारजमा झालेला कर आहे. तो आयकर विभागाच्या विवरणात दिसतो की नाही हे तपासावे लागते. ५,००० रुपये हे स्वतंत्र मुदतीचे येणे आहे आणि वहीत त्याला वेगळी ओळ हवी. हमीची रक्कम वर्षभराने मागावयाची असते आणि तोवर ती विसरली जाते. छोट्या कंत्राटदारांचा नफा पुष्कळदा अशा विसरलेल्या ओळींतच राहून जातो.

कर आणि रोख पैसा

वस्तू व सेवा कर सामान्यतः बीजक दिल्यावर देय होतो. पैसे मिळेपर्यंत तो थांबत नाही. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला मे महिन्यातील बीजकांचा कर २० जूनपर्यंत भरावा लागतो. वरील उदाहरणातील १८,००० रुपये (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घेऊन उरेल तेवढे) ग्राहकाचे पैसे ऑगस्टमध्ये आले तरी जूनमध्येच खिशातून जातात. ग्राहकाने पैसे बुडवले म्हणून हा कर परत मिळत नाही. मात्र खरेदीदारावरही एक बंधन आहे. बीजकाच्या तारखेपासून १८० दिवसांत त्याने पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर त्या बीजकावर घेतलेली कराची वजावट त्याला व्याजासह परत करावी लागते. तगादा लावताना या नियमाची सौम्य आठवण करून देणे पुष्कळदा उपयोगी पडते.

विलंबित देयकांचा कायदा

सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ ने सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांना विशेष संरक्षण दिले आहे. लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेपर्यंत, पण माल वा सेवा स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. करारच नसेल तर ही मुदत १५ दिवसांची असते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांच्या आत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर पोहोचल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस धरतात. चलनावरील तारखेची सही येथे निर्णायक ठरते.

वाद झाल्यास राज्य शासनाने स्थापलेल्या सुकरता परिषदेकडे दाद मागता येते. त्यासाठी केंद्र सरकारचे समाधान हे संकेतस्थळ २०१७ मध्ये सुरू झाले. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यातही बदल झाला. सूक्ष्म वा लघु उपक्रमाला वरील मुदतीत पैसे न दिल्यास तो खर्च खरेदीदाराला ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा मिळतो. या संरक्षणासाठी उद्यम नोंदणी काम सुरू करण्यापूर्वीच असणे हिताचे असते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, परंतु विलंबित देयकांच्या तरतुदींचा लाभ मिळत नाही. म्हणजे औद्योगिक वसाहतीत जोडकाम करणारा कारागीर या कायद्याच्या छत्राखाली येतो, आणि त्याला पाइप विकणारा दुकानदार येत नाही. हा भेद बाजारात फारसा माहीत नसतो.

मुदतबाह्य होणारी येणी

मुदत अधिनियम, १९६३ नुसार विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा तीन वर्षांत लावावा लागतो. उधारीची ठरावीक मुदत असेल तर ती संपल्यापासून, नसेल तर माल दिल्यापासून ही तीन वर्षे मोजतात. ‘गणपतीनंतर देतो’ या तोंडी आश्वासनाने ही मुदत वाढत नाही. तीन वर्षे संपण्यापूर्वी ऋणकोने देणे मान्य असल्याचे लेखी व सहीनिशी दिले, अथवा काही रक्कम दिली आणि त्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीने झाली, तर मात्र मुदत नव्याने सुरू होते. म्हणूनच वर्षातून एकदा प्रत्येक मोठ्या खातेदाराकडून ‘अमुक तारखेस आपले अमुक रुपये देणे बाकी आहे’ अशा चिठ्ठीवर सही घेण्याची पद्धत हितावह मानली जाते. गावात ओळखीपाळखीच्या माणसाकडे सही मागणे अवघड वाटते, हे खरे आहे. ती वर्षअखेरीस सर्वांकडूनच मागितली तर कोणा एकावर अविश्वास दाखवल्यासारखे होत नाही.

हिशेबाच्या वह्या न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य असल्या तरी केवळ त्यांच्या आधारे कोणावर देणे लादता येत नाही. सहीचे चलन, पावती, पत्रव्यवहार असा आणखी पुरावा लागतो. पूर्वीच्या भारतीय पुरावा अधिनियमातील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे आणि ते संगणकावरील हिशेबालाही लागू होते.

नोंदींचे जतन

वस्तू व सेवा कराचे दप्तर त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागते. महाडमध्ये या जतनाला आणखी एक बाजू आहे. शहर सावित्री व गांधारी नद्यांच्या काठी असल्यामुळे तेथे पूर वारंवार येतात. २२ जुलै २०२१ च्या महापुरात बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. अशा आपत्तीत माल जातो तसा माल कोणाला दिला होता याचा लेखही जातो.

वह्या गेल्यावर सर्व येणी सारखीच धोक्यात येत नाहीत. नोंदणीकृत खरेदीदारांना दिलेली बीजके करविवरणपत्रात क्रमांकासह असतात आणि पैसे आल्याच्या नोंदी बँकेकडून मिळू शकतात. कारखान्यांकडील बाकी त्यांवरून बरीचशी पुन्हा उभी करता येते. वाडीवस्तीवरील घरांना वहीवर दिलेल्या किराण्याची, खताची आणि पत्र्यांची उधारी मात्र त्या एकाच वहीत असते. तिची दुसरी प्रत ग्राहकाजवळील छोट्या पुस्तिकेत असेल तरच हिशेब पुन्हा जुळतो. पूर्वी किराणा दुकानात अशी दुहेरी पुस्तिका सर्रास असे; दुकानदार दोन्हींत एकाच वेळी लिही. आता त्या जागी खतावणीच्या पानाचे छायाचित्र दर आठवड्याला ग्राहकाच्या मोबाईलवर पाठवता येते. त्यामुळे एक प्रत दुकानाबाहेर राहते आणि चुकीची नोंद असल्यास ग्राहकाला ती वेळीच दाखवता येते. मे अखेरीस मागील वर्षांच्या वह्या वरच्या मजल्यावर किंवा उंचावरील नातेवाइकाच्या घरी हलवणे आणि चालू वर्षाची खातेवार बाक्यांची यादी वेगळ्या गावी ठेवणे, एवढी तजवीज पावसाळ्यापूर्वी दोन दिवसांत होऊ शकते.